शिट्टीनंतरचं कडवं

माघातला शेवटचा रविवार, सकाळी नऊ. जागा: सांगलीत, हळदीच्या गोदामावरचा रेकॉर्डिंग स्टुडिओ. हजर: मी (गायला आणि गिटारला), बायको, मास्तर, म्हणजे वडूजच्या ज्या लग्नाच्या बँडमध्ये मी अठरा वर्षं गायलो त्याचे मालक, आणि रेकॉर्डिस्ट. गैरहजर: ड्रमर. कडेगावला त्याच्या उसाला कारखान्याची तोड आली होती, आणि तोड आली की माणूस दुसरं काही बघत नाही. त्याचा ड्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता, म्हणून अडलं नाही.

रविवार मी निवडला. मार्केट बंद, खाली हमालांची आरडाओरड नाही.

माझ्या एकट्याच्या पहिल्या अल्बमची आठ गाणी. सात झाली होती. वहीत प्रत्येक गाण्यापुढं कडव्यांचा रकाना होता, तो भरताना लक्षात आलं: दोन, दोन, दोन, खालपर्यंत दोनच. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बँडमध्ये मिरवणूक मांडवात शिरली की मास्तरांची शिट्टी, अक्षतांची वेळ झाली की शिट्टी, आणि शिट्टी वाजली की गाणं आहे तिथं तोडायचं. अठरा वर्षांत एकही लग्न तिसऱ्या कडव्यापर्यंत पोचलं नाही. पुढं सांगलीत आम्ही चौघांनी, हाच ड्रमर धरून, गिटार, ड्रम आणि हलगी घेऊन स्वतःचा बँड काढला. तिथं शिट्टी नव्हती, पण गणेश मंडळाचा कार्यकर्ता स्टेजखालून हात हलवायचा. बँड मोडला तो नोकऱ्यांमुळं, एक पुण्याला गेला, एक फौजेत.

म्हणून आठव्या गाण्याला मी मुद्दाम तिसरं कडवं लिहिलं. गाणं वाजंत्र्यांचं होतं, सगळ्या पंगती उठल्यावर जेवणाऱ्या माणसांचं. ते जेवायला बसतात ते तिसऱ्या कडव्यात. ते गायलं नाही तर माझी माणसं उपाशीच राहणार होती.

आणि तेच गाता येईना. दुसरं कडवं संपलं की हात आपोआप तारांवर पडायचा, आवाज बंद. ड्रम मात्र पुढं चालूच. तीनदा तसं झालं.

"आरं, थांबतुयास का? शिट्टी कुणी वाजवली?" काचेपलीकडून मास्तर.

"आवं मास्तर, तुमीच. अठरा वर्सं. आजून कानात हाय."

"मग माझं काय चुकलं? लोकांची लगनं लागली न्हवं येळंवर?"

बायकोनं हात पुढं केला. "मास्तर, गळ्यातली ती शिट्टी द्या इकडं." मास्तरांनी कुरकुरत दिली. तिनं ती पर्समध्ये टाकून चेन ओढली.

चौथ्यांदा सुरू केलं. दुसरं कडवं संपत आलं आणि काचेतून दिसलं, मास्तरांची दोन बोटं तोंडाकडं निघाली होती. सवय! बायकोनं त्यांचं मनगट धरलं. मला हसू फुटलं आणि हसता हसता मी तिसऱ्या कडव्यात शिरलो. माणसं बसली, पत्रावळी मांडल्या, भात वाढला गेला. शेवटच्या ओळीपर्यंत कुणी उठवलं नाही.

"सर, मधलं हसू काढू का?" रेकॉर्डिस्टनं विचारलं.

"काढायचं नाही."

मास्तर म्हणाले, "लय झ्याक. गाण्याला शेवट बी असतुय तर!"

अल्बम आला. वडूजला मास्तरांच्या अंगणात बँडमधल्या सगळ्यांनी आठवं गाणं चारदा ऐकलं आणि हसू आलं की प्रत्येक वेळी मास्तरांकडं बघितलं. जाताना मास्तरांनी हुकूम सोडला: नातीच्या लग्नात हेच गाणं, मांडवाच्या दारात, तिन्ही कडव्यांसकट पुरं.

त्याची यादी केली आहे. बँडला चाल शिकवणे, झालं. ड्रमरचा होकार, झाला. मुहूर्ताआधी सहा मिनिटं नवरदेवाला दारात उभं ठेवावं लागेल, हे त्याच्या वडिलांना सांगणे. मास्तर म्हणतात तू सांग, मी म्हणतो तुम्ही मुलीकडचे. त्या ओळीपुढं अजून खूण नाही.