स्लॅबच्या आदल्या दिवशी बांधकामबंदी

नोएडा-गुडगावकडे छोटी कंत्राटं घेणाऱ्या मंडळींनो, हे तुमच्यासाठी.

उद्या आम्ही स्लॅब टाकणार होतो. आज सकाळी धुरक्यामुळे सगळी बांधकामं थांबवण्याचा हुकूम आला. सळई बांधून तयार आहे, पण घरमालकाचा हप्ता स्लॅब झाल्यावरच मिळतो. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, करार तो आपने ही बनाया था." खरं आहे.

साइटवर मजूर बोचकी बांधून उभे होते. मुकादम रामऔतार म्हणाला, "मॅडमजी, कमरे का किराया हवा साफ होने तक नहीं रुकेगा." ही माणसं एकदा गावी गेली की होळीनंतरच परततात.

दुपारी मी काँक्रीटचा मिक्सर विकला आणि बंदी असेपर्यंत सगळ्यांना अर्धी मजुरी द्यायचं ठरवलं. मिक्सर टेम्पोत चढवताना रामऔतार म्हणाला, "मशीन तो बिक गई, अब हमें मत बेच देना." सगळे हसले. मी नाही. पण बोचकी सुटली.

पुढच्या करारात सळई बांधून झाली की अर्धा हप्ता, असं लिहिणार आहे. तुमच्यापैकी कोणी हे मालकाच्या गळी उतरवलं असेल, तर कसं ते सांगा. बंदी लांबली तर विकायला आता माझ्याकडे फक्त गाडी उरली आहे.