तिसगावच्या बाईचं रक्त

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगरच्या एका दवाखान्यात लॅबोरेटरी टेक्निशियन म्हणून लागले. वय तेवीस. पुण्याला कोर्स करून आलेली, त्यामुळे थोडी मिजासही होती. लॅबच्या मागच्या पडवीत सहा गिनीपिग आणि एक मेंढा पाळलेला होता. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, तपासणी आमच्याकडे अजून जुन्या पद्धतीनं चालायची आणि तिला दोघांचंही रक्त लागायचं.

ती तपासणी काय होती ते आधी सांगते. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाचा प्रथिनांचा एक ताफा असतो. शरीरानं एखाद्या जंतूवर शत्रू म्हणून खूण केली की हा ताफा तिथं तुटून पडतो आणि त्या जंतूला भोकं पाडतो. मी तो गिनीपिगच्या ताज्या रक्तातून घ्यायची आणि बर्फात ठेवायची, कारण थोड्या उष्णतेनंही तो निकामी होतो. रोग्याच्या रक्तात गरमीची खूण असली तर हे कॉम्प्लिमेंट नळीतच खर्ची पडायचं. मग आधीच खूण करून ठेवलेल्या मेंढ्याच्या तांबड्या पेशी घातल्या तरी त्यांना फोडायला काही उरायचं नाही. त्या तळाशी बसून राहायच्या. खूण नसली तर पेशी फुटायच्या आणि नळीतलं पाणी नितळ लाल व्हायचं. मात्र ही खूण थेट त्या जंतूची नव्हती. त्या रोगात ती सहसा सापडते, एवढंच. ‘सहसा’ हा शब्द माझ्या कोर्सच्या पुस्तकात होता, आणि इतर काही आजारांतही ती सापडू शकते अशी एक ओळ त्याच पानावर खाली होती.

तिसगावची ती बाई नवऱ्याबरोबर आली तेव्हा पंचविशीची असेल. घरची बागाईत होती, नवरा शांत स्वभावाचा दिसला. सहाव्या-सातव्या महिन्यात तिची तीन मुलं पोटातच गेली होती. डॉक्टरांनी दोघांचं रक्त तपासायला सांगितलं. रक्त काढताना तिनं मान वळवली नाही. पडवीतल्या गिनीपिगांना मी काय घालते ते विचारलं, आणि लसूणघास घालते म्हटल्यावर आमच्याकडं लई होतो, पुढच्या वेळी पेंढी आणते म्हणाली.

नवऱ्याची नळी नितळ झाली. तिच्या नळीच्या तळाशी पेशींची लाल टिकली बसली. मी दुसऱ्या दिवशी ताजं कॉम्प्लिमेंट काढून तपासणी पुन्हा केली. तीच टिकली. ताडून बघायच्या नळ्या जशा यायला हव्यात तशाच आल्या होत्या. इतकं साफ काम याआधी माझ्या हातून झालं नव्हतं आणि मला त्याचा आनंद झाला होता, हे आज लिहितानाही जड जातं.

डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, “नवऱ्याचं साफ आणि हिचं पॉझिटिव्ह. तुला काही शंका?”

पुस्तकातली ती ओळ मला त्याच क्षणी आठवली. पण शंका म्हटली की माझ्या कामाबद्दल शंका, असं मला वाटलं. मी म्हणाले, “नाही सर. दोनदा केलंय.”

डॉक्टरांनी नवऱ्याला आत बोलावून सांगितलं. तो बाहेर आला आणि बायकोकडे न बघता एस.टी. स्टँडकडे चालू लागला. ती पिशवी उचलून त्याच्या मागे गेली.

पेनिसिलिनच्या इंजेक्शनांना ती भावाबरोबर यायला लागली. नवऱ्यानं तिला गावातल्याच माहेरी आणून सोडलं होतं. शेवटच्या इंजेक्शनच्या दिवशी ती लॅबच्या दारात आली. हातात घासाची पेंढी होती. ती खाली ठेवून म्हणाली, “बाई, माजं रगत तुमी बगितलंय. त्यात काय हाय ते तुमालाच ठावं. पन मी कुटं वाकडं पाऊल टाकलं न्हाई. एवढं आमच्या त्येंना सांगा.”

मी म्हटलं, “रिपोर्टबद्दल डॉक्टरच बोलतात. मला बोलता येत नाही.”

नियम खरोखरच तसा होता. पेंढी तिथंच ठेवून ती गेली.

इंजेक्शनांनंतर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तरी टिकली जशीच्या तशी. डॉक्टरांनाही जरा नवल वाटलं. काहींना वेळ लागतो, म्हणाले. तेव्हा तरी मी पुस्तक उघडून त्यांच्यापुढे ठेवायला हवं होतं. मी रजिस्टरमध्ये निकाल लिहिला आणि पुढची नळी घेतली. वर्षभरात तिच्या नवऱ्यानं दुसरी केल्याचं तिच्या भावानंच सांगितलं.

मधे पंधरा-सोळा वर्षं गेली. पुण्यात एका प्रशिक्षणवर्गात शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं: वारंवार गर्भपात, गरमीची तपासणी खोटी पॉझिटिव्ह, रक्तात गाठी होण्याची खोड. तिन्ही एकाच आजारात. शरीर स्वतःच्याच रक्तावर चुकीची खूण करतं, गरमीचा काही संबंध नसतो. पुढचा तास मला ऐकू आला नाही. निवृत्तीनंतर मी आणखी एक गोष्ट वाचली. त्या चुकीच्या खुणेमागे कॉम्प्लिमेंटही धावून जातं आणि वारेवर, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवावर, तुटून पडतं. ज्याला मी बर्फात जपत होते, तेच तिच्या पोटात तिची मुलं मारत होतं.

पुण्याचा तो वर्ग संपला त्याच आठवड्यात मी तिसगावला गेले. भावाचं घर सापडलं. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, एका हातानं. दुसरा हात आणि पाय मधे एकदा वारं जाऊन लुळे पडले होते. रक्ताच्या गाठीनंच असणार. मी ओळख दिली आणि सगळं सांगितलं. तुमच्यात कधीच काही वाईट नव्हतं, चूक आमची होती, असंही म्हणाले.

तिनं हातातली शेंग फोडून संपवली. मग म्हणाली, “ते तर मला म्हाईतच हुतं, बाई. माज्या भावजयीला सांगा.”

मी आत जाऊन भावजयीला पहिल्यापासून सांगितलं. तिनं पदर सावरून नीट ऐकून घेतलं, व्हय व्हय म्हणत राहिली. मग चहा केला. मला कपबशीत दिला. नणंदेसाठी कोनाड्यातून एक वेगळा, पोचे आलेला पितळी पेला काढला आणि ओट्याच्या कडेला ठेवून हात मागे घेतला.

बाईनं तो पेला उचलला आणि माझ्याकडे न बघता चहा प्यायली. मी रिकामी कपबशी भावजयीच्या हातात दिली. पाथर्डीहून येणारी एस.टी. थोड्याच वेळात होती, आणि मी उठले.