गंगूबाईनं घेतलेलं नाव

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गुलाबपाण्याचा वास दरवळत होता. बायांनी हट्ट धरला, "आमदारबाई, नाव घ्या!" आणि मला मेहकरचं कोर्ट आठवलं.

डोणगावची गंगूबाई पोटगी मागायला उभी होती, मी तिची नवखी वकील. न्यायाधीशांनी नवऱ्याचं नाव विचारलं. बाईनं ते उच्चारायचं नाही, ही रीत टाकून दिलेल्या बाईलाही सुटली नव्हती! तिनं पदर ओठांशी नेला. कारकून हसला. मी सांगायला उठले, तशी ती म्हणाली, "तुमी बसा, बाई. मले बोलू द्या." आणि तिनं आडनावासकट असं खणखणीत नाव घेतलं, की मागे बसलेल्या नवऱ्यानं मान खाली घातली.

खटला मी जिंकला, असं तेव्हा वाटलं होतं. आता हसू येतं.

"घ्या ना, ताई!"

मी उखाण्यात गंगूबाईचं नाव घेतलं.