सोडलेला बॉल

मागे वळून न बघता तो डावा हात पाठीमागे करायचा, तळवा खाली, आणि म्हणायचा, "घाबरू नको बे, मी आहो ना." त्याच्या मागे गोलात उभा असलेला मी तेव्हा कुठे बॉलवर नजर लावायचो. अकरा वर्षं मी त्याची पाठ पाहिली. चेहऱ्यापेक्षा तीच जास्त ओळखीची.

मूल तालुक्यातल्या आमच्या गावाच्या फुटबॉल संघाचा तो स्टॉपर, गोलकीपरच्या पुढचा शेवटचा गडी. घरचा धंदा तलावातल्या मासोळीचा. धान निघालं की शेतातले बांध मोडून आम्ही मैदान करायचो. सगळे बॉलमागे पळायचे, हा जागचा हलत नसे. विचारलं तर म्हणे, "मासोळीच्या मागं कोनी धावते का? ते येते तिथं उभं राहाचं."

त्या वर्षी फायनल त्याच्याच सासुरवाडीशी लागली. बक्षीस बोकड. सासरा लाइनीवर खुर्ची टाकून बसलेला. याने समोरून खेळणाऱ्या स्वतःच्या साळ्यालाच दोनदा असा आडवा केला, की घरी महिनाभर अबोला ठरलेलाच. शेवटी शेवटी उंच बॉल आला. तो उडी घेणार एवढ्यात मी ओरडलो, "सोड! माझा!"

त्याने सोडला. माझ्या हातून निसटून बॉल गोलात गेला.

माझी हाक गलक्यात कोणी ऐकली नाही. लोकांनी एवढंच पाहिलं, की स्टॉपरने बॉल सोडला. "सासऱ्याच्या घरी खाल्लेल्या कोंबड्याले जागला, गोलकीपर बिचारा काय करंल?" कोणीतरी म्हणालं आणि गाव त्यावर वर्षभर हसलं. पुढच्या हंगामात त्याला संघात घेतलं नाही. मी मान खाली घालून गप्प राहिलो. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

फार उशिरा एकदा तलावावर गेलो. तो जाळं शिवत होता.

"गावाले सांगून देतो, मीच ओरडलो होतो म्हणून."

त्याने वर पाहिलं नाही. "अकरा साल म्या मागं पाह्यलं नाई. गरजच नाई पडली." मग दोरा दाताने तोडत म्हणाला, "सांगाचं होतं त त्याच दिवशी सांगतलं असतं."

त्याच वर्षी उन्हाळ्याआधी तो बायकोला घेऊन मिरची तोडायला तेलंगणात गेला. बाकीचे परतले, ही दोघं तिकडेच राहिली.

आता त्या स्पर्धेची कॉमेंट्री मी करतो. फायनलच्या आधी जुन्या खेळाडूंची नावं वाचायची आमची रीत आहे. त्याचं नाव आलं की कोणीतरी अजूनही ओरडतं, "सासऱ्याचा कोंबडा!" लोक हसतात. मी हसू ओसरेपर्यंत थांबतो. माईक माझ्याच हातात असतो.

मग पुढचं नाव वाचतो.