खाऱ्या पाण्यातला जोड

कडेगाव तालुक्यात कुणाचा एक बैल दगावला, की उरलेल्याला जोड शोधायला जोतीराम मोहित्यांना बोलावणं ठरलेलं. सगळे त्यांना आबाच म्हणायचे. आबा यायचे, बैलाभोवती एक फेरी मारायचे, वशिंडाला हात लावायचे, चार पावलं चालवून बघायचे आणि काही न बोलता निघून जायचे. मग खरसुंडीच्या बाजारातून जे जनावर घेऊन यायचे ते असं, की खुद्द मालकानं दोघांत गल्लत करावी. तोच रंग, तेवढीच उंची, शिंगांचं वळण तेच. आबांनी लावलेला जोड मोडला असं कुणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती? माणूस लय हट्टी.

लेकीला, क्रांतीला, स्थळ बघितलं तेही आबांनीच आणि त्याच नजरेनं. मुलगा साताऱ्याचा, जयराज. ती एम.कॉम., तो एम.कॉम. ती गोरी, तो गोरा. दोन्ही घरची ऊसजमीन तोलामोलाची, दोन्ही घरचा एकेक माणूस फौजेत. मांडवात दोघं शेजारी उभी राहिली तेव्हा लोक म्हणाले, आबा, तुमच्या हातचा सगळ्यात देखणा जोड हा. आबांचं मिशीतलं हसू दिवसभर मावळलं नाही.

आणि आता त्याच जोडाची त्यांना भीती वाटायला लागली होती.

दिवाळीत क्रांती माहेरी आली. भाऊबीज झाली, परत जायचा दिवस उजाडला, तरी पोरगी पिशवी भरेना. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मी न्हाई जात." मनगटावर निळसर डाग होता. विचारलं तर म्हणाली, तवा लागला. आता तव्याचा चटका कधी निळा पडतो का? आबांनाही ते कळत होतं. पण तोंडातून काय निघावं? "नवा जोड हाय, बाळ. शिंगाला शिंग लागायचंच. रुळंल." आणि स्वतः एसटीनं साताऱ्याला नेऊन सोडून आले. दिल्या घरी सुखी राहा म्हणाले आणि स्टँडवर परत आले.

तेव्हापासून क्रांतीचा फोन यायचा तो स्पीकरवर. कशी हायस, तर बरी हाय. जेवलीस का, या प्रश्नाला मात्र उत्तर यायला उशीर लागायचा, आणि मग मागून जावयाचा आवाज यायचा, "जेवली की, मामा." आबा फोन ठेवायचे आणि घामेजलेला तळहात धोतराला पुसायचे. बायको चंद्राबाई गेलेली. ती असती तर तिनं या माणसाला कधीच हाताला धरून साताऱ्याला नेलं असतं. कुपवाडच्या कारखान्यात कामाला असलेला मुलगा यशराज, ज्याच्याकडं आबा आता राहत होते, तो पडला तापट. त्याला सांगितलं तर काय करून बसेल याची वेगळीच धास्ती. आणि खरं सांगायचं तर आबांना स्वतःशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून ती त्यांनी घट्ट आवळून धरली होती.

यशराजच्या याच घरात एक माशांची टाकी होती. कारखान्यातल्या साहेबांची बदली झाली, जाताना त्यांनी ती यशराजला दिली. टेबलावर मावेल एवढीच, पण आत समुद्रासारखं खारं पाणी. आबांनी पहिल्या दिवशी बोट बुडवून चाखलं आणि मोरीत जाऊन थुंकले. ज्यानं खारवटलेल्या रानात ऊस पिवळा पडताना बघितला, त्याला मीठ विकत आणून पाण्यात कालवणं हे खूळच वाटणार. पण यशराज शिफ्टला, सून संयोगिता शाळेत शिकवायला. दिवसभर घरात आबा आणि मासे. हळूहळू लळा लागला.

आत तीनच मासे. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन केशरी, कायम जोडीनं फिरणारे. तिसरा एकटा, तोंडाकडं पांढरा, शेपटीकडं लालभडक, पाठीवर फेट्याच्या तुऱ्यासारखा लांब पर. आबा त्याला तुरेवाला म्हणायचे. बिचारा दगडातल्या बिळाच्या तोंडाशी एकटाच तरंगायचा, जरा सावली पडली की सुळकन आत. गोठ्यात एकटा बैल आबांना कधी बघवला नाही, तसा हाही बघवेना. जोड आणायचाच, असं त्यांनी ठरवलं.

सांगलीत सिद्धूचं माशांचं दुकान होतं. सिद्धू जतकडचा, बोलण्यात कानडी हेल. आबांनी तुरेवाला मागितला आणि काचेला डोळे लावून एकेक पारखायला लागले.

"घरी एक हाय न्हवं? मग दुसरा त्योच नका नेऊ, आबा," सिद्धू म्हणाला.

"का रं?"

"ह्या माश्यास्नी ल्हान टाकीत आपल्यासारखाच दुसरा सोसत न्हाई. दोघांचं खाणं एक, बीळ एक, जागा एक. मग भांडण त्याच्याशीच. न्यायचा तर येगळ्या रंगाचा, येगळ्या ठेवणीचा न्या. एक वर फिरणारा, एक मधी, एक तळाला वाळूत बसणारा. कुणाची वाट कुणी आडवत न्हाई." त्यानं वाळूत बसलेला एक ठिपक्यांचा मासा दाखवला.

आबांना तो बेडकासारखा वाटला. "आन् आमचं दोन केशरी कसं ऱ्हात्यात?"

"ती ल्हानपणापासनं एका जागी वाढल्यात. एक मोठी, दुसरा तिचं ऐकून ऱ्हातो. त्यांची गोष्ट येगळी."

"मला जोड लावायला शिकवतोस व्हय?" आबा म्हणाले. झालं. पाण्याच्या पिशवीत दुसरा तुरेवाला घेऊन आबा रिक्षात बसले. तोच रंग, तेवढीच लांबी, तुऱ्याचं वळणसुद्धा तेच.

टाकीत सोडल्यावर दोघं बिळाच्या तोंडाशी समोरासमोर आले आणि दोघांनी तुरे ताठ केले. आबा खूश. यशराजला हाक मारून दाखवलं. तेवढ्यात जुना नव्यावर धावून गेला. "काय न्हाई, शिंगाला शिंग लागायचंच," आबा म्हणाले.

पुढचे काही दिवस दारातून बघणाऱ्याला टाकी छानच दिसत होती. केशरी जोडी फिरतेय, तुरेवाला बिळापाशी डौलात उभा आहे, पाणी कसं नितळ. आलागेला वा म्हणायचा. पण दुसरा तुरेवाला कुठं होता? तो बघायला काचेला गाल लावावा लागायचा. वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या मागं, तो अंग चोरून होता. पर चिरलेले. तुरा अर्धा तुटलेला.

एका सकाळी आबांनी चिमूटभर खाणं टाकलं. तिघं आले. कोपऱ्यातला आला नाही. तो खाण्याकडं बघतच नव्हता, तो बघत होता जुन्या तुरेवाल्याकडं. त्यानं पाठ फिरवली तसा हा बोटभर पुढं आला. त्यानं तोंड वळवलं तसा हा मागं गेला. पुढं आला, मागं गेला. खाणं तळाला जाऊन बसलं.

आबांनी खाण्याचा डबा खाली ठेवला. हे त्यांनी बघितलं होतं. संक्रांतीला वाण घेऊन ते साताऱ्याला गेले होते. जेवायची पानं घेतलेली, आणि क्रांती स्वयंपाकघराच्या दारात ताट हातात धरून उभी. बस की बाळ, म्हटलं तर तिनं आधी जयराजकडं बघितलं. तो हसून म्हणाला, ती मागनं जेवते, मामा. तो हात धुवायला उठला तेव्हा तिनं उभ्या उभ्याच दोन घास गिळले, आणि त्याची पावलं वाजली तसं ताट ओट्यावर ठेवलं. आबांनी हे सगळं डोळ्यांनी बघितलं होतं आणि वर गुळपोळी मागून घेतली होती.

त्यांनी सिद्धूला फोन लावला. "त्यो कोपऱ्यात बसून हाय रं. खात न्हाई. रुळंल का?"

"न्हाई रुळत, आबा. समुद्रात हरल्याला पळून जाता येतंय. तुमच्या टाकीत कुठं पळंल त्यो? चारी बाजूला काच. दुसरा त्येला मरंपत्तोर मारतोय बघा. जाळीच्या डब्यात येगळा काढा आत्ताच्या आत्ता. आन् वर झाकण ठेवा, न्हाईतर भ्याऊन बाहीर उडी मारंल."

आबांनी फोन बाजूला ठेवला. कशीबशी जाळी घेतली, मासा डब्यात आला. तो आडवा पडला. कल्ले तेवढे हलत होते. ओल्या हातानंच त्यांनी क्रांतीचा नंबर लावला. रिंग वाजून वाजून थांबली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा फोन बंद होता.

संयोगिताला शाळेत फोन करून एवढंच सांगितलं, डब्यातल्या माश्याकडं बघ, मी क्रांतीकडं निघालोय. आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी एसटी गाठली.

ती एसटी कधी एवढी रेंगाळली नव्हती. इस्लामपूर गेलं, कराड येता येईना. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी खुरडत होती आणि आबांच्या डोक्यात सिद्धूचं एकच वाक्य फिरत होतं, भ्याऊन बाहीर उडी मारंल. क्रांतीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या गॅलरीचा कठडा किती उंच, हे ते आठवायचा प्रयत्न करत होते आणि आठवत नव्हतं. देवाचं नाव घ्यावं तर तेही धड ओठावर येईना. कराडला संयोगिताचा फोन आला. "पडूनच आहे, आबा. पण कल्ले हलतायत. ताई बऱ्या आहेत ना?" "डब्यावर झाकण हाय न्हवं?" आबांनी विचारलं.

साताऱ्यात रिक्षातून उतरल्यावर त्यांनी आधी इमारतीच्या खाली बघितलं. कुणी जमलेलं नव्हतं. मग जिना चढले. दार जयराजनं उघडलं. इस्त्रीचा शर्ट, तोंडभर हसू. "अहो मामा, फोन तरी करायचा."

"क्रांती कुठाय?"

"झोपलीय. बरं नाही तिला. बसा, चहा टाकतो."

तो दार लावायला गेला तर आबा उंबऱ्यातच उभे राहिले. दार उघडंच राहिलं. समोरच्या घरातली बाई बाहेर डोकावली, आणि आबांना बघून आत न जाता तिथंच थांबली. आबांनी हाक मारली, "क्रांती." त्यांची नजर आतल्या खोलीच्या दाराकडं गेली. कडी बाहेरून लावलेली होती.

"तिच्याच भल्यासाठी, मामा," जयराज हळू आवाजात म्हणाला. "रागाच्या भरात काहीतरी करून घेईल. सकाळपासून वेड्यासारखं चाललंय तिचं."

आबा त्या दारापर्यंत गेले. कडी दोनदा हातातून निसटली. दार ढकलायची भीती वाटत होती, आत काय दिसेल याची. ढकललं.

क्रांती पलंगाच्या कडेला बसलेली होती. ओठ सुजलेला. जिवंत होती. आबांनी दाराची चौकट धरली.

"चल," ते म्हणाले.

जयराज मागून आला. हसू अजून तोंडावर होतं, दारातली शेजारीण बघत होती ना. "मामा, लोक काय म्हणतील याचा विचार करा. स्थळ तुम्हीच बघितलंत. जोतीराम मोहित्यांनी लावलेला जोड मोडला म्हणतील."

"म्हणू द्या, पावनं," आबा म्हणाले. "जोड चुकला. माझा चुकला." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले होते. भीती अजून गेली नव्हती. हा माणूस वाट अडवेल, हात उगारेल, आणि आपल्या अंगात आता ती ताकद उरलेली नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण ती शेजारीण आता उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली होती, हाताची घडी घालून. जयराज बाजूला सरकला.

"कपडं घे दोन, बाळ," आबा म्हणाले. "घाई नगं करू, मी हितंच उभा हाय."

क्रांती उठली. कपाट तिनं उघडलंच नाही. खाली वाकली आणि पलंगाखालून एक पिशवी ओढून काढली. पिशवी गच्च भरलेली, चेन लावलेली, वर धूळ बसलेली. तिनं ती पदरानं पुसली.

"ही कवा भरलीस?" आबांनी विचारलं.

"दिवाळीत तुमी मला सोडून गेलासा, त्याच दिवशी," क्रांती म्हणाली. "मला वाटलं, तुमी स्टँडवरनंच माघारी याल."