परग्रहावरची पिलं

जळगावच्या स्टँडमागे माझा गेमिंग कॅफे आहे. फैजपूरकडचे एक केळीवाले भाऊ तिथे रोज दुपारी यायचे. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, हेडफोन चढवायचे आणि तासभर परग्रहवासी मारायचे. नाव मी कधी विचारलं नाही.

मग त्या गेमचा तिसरा भाग आला. बनवणाऱ्यांना उपरती झाली होती. आता बंदूक बंद. परग्रहावर झाडं वाढवा आणि तिथल्या लोकांशी गुण्यागोविंदाने नांदा.

"शेतीच करायची त मी घरी काय वाईट होतो?" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली.

पण झाड दिसल्यावर हात थांबेना. बुडाशी फुटलेली हिरवी पिलं, म्हणजे झाडाचं बळ खाणारे कोंब, त्यांनी विळ्याने सपासप छाटली, केळीच्या बागेत छाटतात तशी. पडदा लाल झाला. ती पिलं खरोखरच पिलं निघाली, परग्रहवाल्यांची. दोन भागांत बंदुकीला जमलं नाही, ते भाऊंनी शांततेच्या भागात दहा मिनिटांत केलं.

"भाऊ, ती त्यांची पोरं होती!" मी ओरडलो.

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"पिलं ठेवली त घड पोसतो का?"