आकडा कापलेली माशी

दुरुस्तीला दिलेलं गजराचं घड्याळ आणायला म्हणून त्या रविवारी चिंचवड गावात गेलो, तर नाना घड्याळजींच्या दुकानाला फळ्या लावलेल्या. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवलं. म्हणाला, "राव, तुमाला कळलं न्हाई व्हय? नाना गेलं... बुधवारी, झोपेतच." मी तिथेच पायरीवर बसलो. फळ्यांआडून भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक ऐकू येत होती. आठवड्याची चावी नानांनीच दिलेली असणार. तरी मला त्या घड्याळांचा रागच आला.

पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला तेव्हा मी रत्नागिरी सोडून इकडे नोकरीला आलो. इथे सगळं होतं, फक्त ताजी मासळी नव्हती. एका संध्याकाळी पवनेच्या घाटावर गेलो तर एक म्हातारे गृहस्थ दगडावर पालथे पडलेले. गळ्यात तुळशीची माळ, एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात बांबूची काठी आणि तिच्या रेशमी दोऱ्याला एक माशी. इतकी खरी, की उडून जाईल म्हणून मी दबकत जवळ गेलो. पाहतो तो दोऱ्याची आणि पिसांची! आतल्या गळाचा आकडा मात्र कापून टाकलेला.

"अहो, मग मासा लागणार कसा?" मी विचारलं.

"लागाया कशाला पायजे?" नाना म्हणाले. "फसला म्हंजी झालं."

हा माणूस एकतर वेडा आहे, नाहीतर माझा मित्र होणार आहे, असं मला वाटलं. पुढे दोन्ही खरं ठरलं. साहेबाच्या राज्यात देहू रोडच्या छावणीतला एक गोरा अधिकारी नानांकडे घड्याळ दुरुस्तीला यायचा. त्याच्या टोपीत अशा माशा खोवलेल्या असत. विलायतेला जाताना त्याने एक नानांना दिली, आणि तेव्हापासून नानांना हा नाद लागला. पावसाळा सरला की संध्याकाळी नदीवर थव्याने नाचणारी, काचेच्या पंखांची ती लांब शेपटीची माशी त्यांना हुबेहूब करायची होती. "एका दिसाची पाव्हणी," ते म्हणायचे. "तिला खायाला तोंडच न्हाई बघा. उपास करून येती, उपास करून जाती." तिची शेपटी टांग्याच्या घोड्याच्या केसांची, अंग जुन्या रेशमी लुगड्याच्या धाग्याचं आणि पंख कोंबड्याच्या मानेच्या पिसांचे. ही पिसं आमच्या स्वयंपाकघरातून जायची. "नाना, कोंबड्याचं पाप माझं आणि पिसं तुमची?" असं मी छेडलं की ते भिंगातून मान वर न करता म्हणायचे, "व्हय. चांगली धुऊन आणा."

माशी दिसायला देखणी होती, पण मासे काही फसेनात. वर यायचे, बघायचे आणि शेपटी फिरवून निघून जायचे. नाना दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. बसलेल्या माशीचे पंख उभे असतात, म्हणून ते पंख उभे बांधायचे. मग एकदा पालथं पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं, की मासे टिपतात त्या माशा अंडी घालून थकलेल्या, पंख दोन्ही अंगांना पसरून पाण्यावर निपचित पडलेल्या असतात. पुढच्या रविवारी त्यांनी तसे आडवे पंख बांधून माशी सोडली. पाण्यात एक गोल उमटला, दोरा ताणला गेला आणि लगेच ढिला पडला. "फसला!" नाना पोरासारखे ओरडले. मग माळेला हात लावून, पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "जा बाबा घरी."

त्यानंतर दर वेळी हेच. मासा फसायचा, नाना त्याला घरी पाठवायचे आणि मी कपाळाला हात लावायचो. तळहाताएवढे मासे डोळ्यांदेखत सुटून जात! "नाना, एकदाच आकडा राहू द्या. खाणारा मी आहे, तुम्ही कुठे खाताय?" मी किती वेळा गयावया केली असेल. "माज्या हाताला नगा लावू ते पाप," एवढंच ते म्हणायचे. शेवटची भेट दुकानातच झाली. हात थोडे कापत होते. मी पुन्हा तेच टुमणं लावलं, तर या वेळी हसले आणि म्हणाले, "बघू..."

दहाव्यानंतर त्यांची सून घरी आली. माझं गजराचं घड्याळ आणि एक तपकिरीची डबी पुढे ठेवून म्हणाली, "मामंजी म्हनलं व्हतं, कोकणातल्या पाव्हण्याला द्या." डबीत कापसावर माशा मांडलेल्या. सगळ्यांचे आकडे कापलेले. एका कडेला एकच, जरा वेडीवाकडी, कापऱ्या हाताची. तिचा आकडा शाबूत होता.

मला रडू आवरेना. सगळा जन्म जी माळ जपली, ती त्यांनी माझ्या जिभेपायी क्षणभर बाजूला ठेवली होती. आमची ही म्हणाली, "त्यांनी मनापासून दिलंय, आणा एक मासा." पण त्यांच्या हातच्या माशीने मासा मारणं मला जमणार नाही. तिचा आकडा कापणंही जमणार नाही, तेवढ्यासाठीच तर त्यांनी तो ठेवला.

ती डबीतच आहे, मिठाच्या बरणीशेजारी. सुट्टीच्या संध्याकाळी मी बाकीच्यांतली एक खिशात टाकून घाटावर जातो. परवा गोल उमटला, दोरा ताणला गेला आणि मासा सुटला. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया हसत होत्या. मी त्या पाण्याकडे बघत राहिलो आणि म्हणालो, "जा बाबा घरी."